‘मीच डिटेक्टिव्ह!’ : दाव्यावर विश्वास कधी ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न माफिया या खेळाचे आहेत, आणि फिरून फिरून ते एकाच जागी येतात. समोरचा छातीठोक सांगतो, मी अमुक आहे. आता ऐकायचं की नाही?

हा खेळ १९८६ साली मॉस्कोत दिमित्री दाविदोफ यांनी बसवला. १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियाच्या जागी माणसाचा लांडगा होणारे गावकरी आणले आणि ‘वेअरवुल्फ’ तयार झाला. आपल्याकडे तो वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या करून, एकाला ‘गॉड’, म्हणजे खेळ चालवणारा, नेमून खेळतात. खालच्या उत्तरांत, वेगळं सांगितलं नसेल तिथं, अशी मांडणी धरली आहे: गॉड सोडून १० खेळाडू, त्यात २ माफिया, १ डिटेक्टिव्ह, १ डॉक्टर, ६ गावकरी. माफिया रात्री एकाला उडवतात, डिटेक्टिव्ह रात्री एकाला चेक करतो म्हणजे तो माफिया आहे का ते गॉडकडून जाणून घेतो, डॉक्टर रात्री एकाला वाचवू शकतो, दिवसा सगळे मतानं एकाला बाहेर काढतात, आणि गेलेल्याचा रोल गॉड जाहीर करतो. माफिया आणि बाकीचे, म्हणजे गाव, संख्येनं सारखे झाले की माफिया जिंकले, सगळे माफिया बाहेर गेले की गाव जिंकलं.

प्रश्न (लातूर) : क्लासच्या होस्टेलवर आम्ही रविवारी खेळतो. मागच्या डावात दुसऱ्या दिवशी सात जण उरले होते. एक जण म्हणाला, ‘मी डिटेक्टिव्ह. काल रात्री ह्याला चेक केलं, ह्यो माफिया हाय.’ लगेच दुसरा उठला, ‘खोटं बोलायलास, डिटेक्टिव्ह मी हाय.’ लई भांडण झालं. शेवटी मतं पहिल्यावर पडली आणि तो खराच डिटेक्टिव्ह निघाला. त्यानंतर कुणाचंच लक्ष लागेना, डाव गेला. कुणाला काढायला पाहिजे होतं?

उत्तर : तुम्ही काढलं तेच बरोबर होतं. डाव गेला तो त्याच्यानंतर.

पहिल्या दावेदाराला अ म्हणू, विरोध करणाऱ्याला ब, आणि अ नं ज्याला माफिया म्हटलं त्याला क. सात जणांत माफिया दोन. अ खरा असेल तर त्याच्या नावावर खोटा दावा करणारा ब माफिया, आणि चेकमध्ये सापडलेला क माफिया. म्हणजे दोन्ही माफिया उघडे पडले. आता अ ला चुकून काढलं तरी गॉड सांगतो, ‘हा डिटेक्टिव्ह होता.’ उरले सहा. रात्री एक गेला, उरले पाच: तीन आपले, दोन माफिया. तिघांनी मिळून ब ला काढायचं. उरले चार, रात्री आणखी एक गेला, उरले तीन. दोघांनी मिळून क ला काढायचं. डाव गावाचा. अंदाजानं एकही मत द्यावं लागत नाही.

आणि अ खोटा असता तर? मग तुम्ही एक माफिया काढलात, खरा डिटेक्टिव्ह ब जिवंत आहे, सहा जणांत एकच माफिया उरला. रात्रीनंतर पाच उरतील आणि गावाच्या हाती एक चूक शिल्लक असेल.

याउलट, आधी ब ला काढलं असतं आणि ब खरा निघाला असता, तर अ खोटा हे कळलं असतं, पण दुसरा माफिया कोण ते कळलं नसतं. अ ला काढून तुम्ही तिघांवर येता, आणि त्या तिघांतला एक माफिया अंदाजानं ओळखायचा. क ला आधी काढावं असं पुष्कळांना वाटतं. तो माफिया निघाला तर डाव जवळपास हातात येतो, पण निर्दोष निघाला तर एक माणूस वाया जातो आणि शेवटी पुन्हा तिघांवर अंदाज करावा लागतो. तिन्ही वाटा मोजून पाहिल्या तर अ ची वाट कुठंच दुसऱ्या दोघांपेक्षा वाईट ठरत नाही. कारण जिवंत माणसावर बोट ठेवून ‘हा माफिया’ म्हणणाऱ्यानं स्वतःची परीक्षा स्वतःच ठरवून दिलेली असते. तो गेला की त्याचा शब्द खरा होता की खोटा ते गॉडच सांगतो.

हा हिशोब तीन ठिकाणी फसतो. पहिलं, डिटेक्टिव्ह गेल्यावर गाव हिरमुसतं आणि दुसऱ्या दिवशी ब म्हणतो, ‘मी गावकरीच हाय, त्याची परीक्षा घ्यायला खोटं बोललो.’ त्याचं ऐकलं की संपलं. म्हणून मत देण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवा: अ खरा निघाला तर उद्या ब, परवा क, त्यात बदल नाही. दुसरं, मेल्यावर रोल जाहीर न करण्याचा नियम असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. तिसरं, माफिया तीन असतील तर ब आणि क सोडून आणखी एक बाहेर राहतो. तेव्हा हीच मांडणी कागदावर पुन्हा करून पाहा.

हे झालं ‘माफिया’ असा निकाल सांगितला तेव्हाचं. अ म्हणाला असता, ‘मी क ला चेक केलं, तो निर्दोष आहे,’ तर गोष्ट अवघड झाली असती, कारण निर्दोष हा निकाल फार स्वस्त आहे. माफियाला आपले साथीदार कोण हे पहिल्या रात्रीपासून माहीत असतं. म्हणजे उरलेले सगळे निर्दोष, हेही त्याला माहीत असतं. तो हवी तेवढी नावं निर्दोष म्हणून सांगेल आणि ती सगळी बरोबर निघतील. ज्याला निर्दोष म्हटलं तो रात्री उडाला आणि गावकरीच निघाला, म्हणून ‘बघा, मी खरं सांगत होतो’ असं कुणी म्हटलं तर त्याला काडीचंही वजन देऊ नका. आधीच मेलेल्या माणसाबद्दलचा निकाल तर त्याहून फुकटचा.

दाव्याकडं बघताना प्रश्न एकच ठेवा. हा खोटा असता, तर हे बोलायला त्याला काय माहीत असावं लागलं असतं, आणि पकडला गेला असता तर त्याचं काय गेलं असतं? दोन्हीचं उत्तर ‘काही नाही’ असेल तर दावाही काही नाही. ‘मी साधा गावकरी आहे’ हे वाक्य म्हणूनच निरर्थक असतं.

दोन दावेदार आणि दोघांचे निकाल निर्दोषच, अशा वेळी चर्चा थांबवा आणि दोघांना कोऱ्या चिठ्ठ्या द्या. प्रत्येकानं न बोलता लिहायचं: कोणत्या रात्री, कुणाला, निकाल काय, आणि त्यालाच का. दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. तोंडी विचारलं तर दुसरा पहिल्याचं ऐकून आपली गोष्ट बेतून घेतो. चिठ्ठी हातात आली की ती पहिल्या दिवसाच्या मतांशी ताडून पाहा. ‘पहिल्या रात्री मी प ला चेक केलं, निर्दोष निघाला’ असं लिहिलंय आणि पहिल्या दिवशी त्यानंच प विरुद्ध मत दिलंय, तर ती चिठ्ठी खोटी धरा. खऱ्या डिटेक्टिव्हला निर्दोष माणूस वाचवता आला नाही असं होऊ शकतं, पण तो स्वतः त्याच्यावर मत टाकत नाही. ‘त्यालाच का’ या रकान्यातही बरंच कळतं. ‘पहिल्या रात्री काही माहीत नव्हतं, शेजारी बसला होता म्हणून त्याला बघितलं’ हे खऱ्या माणसाचं उत्तर असतं. पहिल्याच रात्रीसाठी फार हुशारीचं कारण लिहिलेलं असेल तर ते नंतर सुचलेलं असण्याची शक्यता जास्त.

दावा करूनही माणूस सकाळी जिवंत राहिला, यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. दाव्यानंतरच्या पहिल्या रात्री डॉक्टर त्याच्यावरच बसणार, म्हणजे त्यालाच वाचवणार, हे माफियालाही कळतं, म्हणून ते दुसरीकडं जातात. पुष्कळ ठिकाणी डॉक्टरला एकाच माणसाला लागोपाठ दोन रात्री वाचवता येत नाही. तुमच्याकडं असा नियम असेल तर दुसऱ्या रात्रीनंतरही जिवंत असलेल्या ‘डिटेक्टिव्ह’कडं संशयानं बघायला हरकत नाही. तरीही तेवढ्यावरून त्याला बाहेर काढू नका. गावानं खऱ्यालाच काढावं म्हणून त्याला मुद्दाम जिवंत ठेवणारे माफियाही असतात.

प्रश्न (नांदेड) : हुरड्याला शेतात सगळे पाहुणे जमले की आम्ही खेळतो. मेलेल्याचा रोल आम्ही सांगत नाही, शेवटपर्यंत मजा राहते म्हणून. अशात एकानं डिटेक्टिव्ह असल्याचा दावा केला आणि कुणीच विरोध केला नाही, तर तो खरा धरायचा का?

उत्तर : किती जण मेलेत ते आधी मोजा. खरा डिटेक्टिव्ह जिवंत असता तर बहुधा उठलाच असता. म्हणजे गप्प बसलेला डिटेक्टिव्ह मेलेल्यांतच असू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गेलेले असतात, दोन रात्री दोन आणि दिवसा एक. तिघंही माफिया नव्हते असं धरा. माफिया सोडून आठ जण होते, त्यातले तीन गेले. खरा डिटेक्टिव्ह त्या तिघांत असण्याची शक्यता आठात तीन, जिवंत असण्याची आठात पाच. रोल जाहीर होत नसल्यानं तो मेला की नाही हे माफियालाही ठाऊक नसतं. खोटा दावा करणाऱ्याला त्या दिवशी तोंडावर पडायची भीती जास्त असते, म्हणून विरोध न झालेला दावा बऱ्यापैकी वजनदार. आणखी एक दिवस आणि रात्र जाऊ द्या. आता पाच जण गेले, आठातले पाच. तोच दावा तिसऱ्या दिवशी करणं माफियाला सोपं जातं, आणि तुमच्यासाठी त्याचं वजन उतरतं. शब्द तेच असतात, फक्त दिवस बदललेला असतो.

म्हणून रोल झाकून खेळत असाल तर डिटेक्टिव्हनं दुसऱ्या दिवसाच्या पुढं थांबू नये. हातात ‘माफिया’ असा निकाल असेल तर पहिल्याच दिवशी बोलावं. फार थांबलेल्या डिटेक्टिव्हवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात ऐकणाऱ्यांची चूक नसते.

दावा मरणाच्या दारात आला, म्हणजे मतं पडू लागल्यावर ‘थांबा, मी डिटेक्टिव्ह’ असं कुणी म्हणालं, तर तो स्वतः होऊन केलेल्या दाव्यापेक्षा हलका. त्या जागी खराही तेच बोलेल आणि खोटाही तेच बोलेल. अशा वेळी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं आणि गॉडनं विचारायचं, ‘कुणाचा विरोध आहे का?’ गोंगाटात खरा डिटेक्टिव्ह बोलू शकत नाही, आणि मग त्याची शांतता संमती समजली जाते.

प्रश्न (परभणी, कृषी विद्यापीठ) : एका सकाळी गॉड म्हणाला, ‘रात्री कुणीच मेलं नाही.’ लगेच एक जण म्हणाला, ‘मी डॉक्टर, मी अमक्याला वाचवलं.’ नंतर कळलं, माफियांनी खरंच त्यालाच निवडलं होतं. तरी दावा करणारा माफिया होता. नाव बरोबर सांगितलं कसं?

उत्तर : त्या रात्री हे नाव दोन बाजूंना माहीत असतं. डॉक्टरनं कुणाला वाचवलं ते डॉक्टरला माहीत, आणि कुणी मेलं नाही म्हणजे माफियांनी त्यालाच निवडलं होतं, म्हणून ते माफियांनाही माहीत. दोघांकडं एकच नाव. मग ते नाव सांगता येणं हा डॉक्टर असल्याचा पुरावा कसा होईल? पुष्कळ गटांत हाच दावा सगळ्यात पक्का मानतात आणि माफिया त्यावर डाव मारून नेतात. काही ठिकाणी माफियांना रात्री कुणालाच न उडवण्याची मुभा असते. तिथं तर कुणाला वाचवलेलंच नसतानाही ही सकाळ घडवून आणता येते.

डॉक्टरची परीक्षा वाचलेल्या रात्रीवर नाही, न वाचलेल्या रात्रींवर घ्यायची. ‘बाकीच्या रात्री कुणावर बसला होतास?’ हे विचारा. तेही चिठ्ठीवर. लागोपाठ एकालाच वाचवायचं नाही हा नियम असेल तर खोटा डॉक्टर घाईत तो मोडणारी यादी देतो. जिच्यावर बसलो असं सांगितलं ती व्यक्ती त्याच रात्री उडालेली असेल तर दावा तिथंच खोटा ठरतो.

आणि डॉक्टरनं आपण होऊन दावा करायची घाईच करू नये. डिटेक्टिव्हच्या दाव्यातून गावाला निकाल मिळतात. डॉक्टरच्या दाव्यातून मुख्यतः माफियांना पत्ता मिळतो. स्वतःला बाहेर काढायची वेळ आली तेव्हाच त्यानं बोलावं.

प्रश्न (बीड) : डोळ्यांत बघून खोटं ओळखता येतं का? आमच्यातला एक जण म्हणतो, त्याला लगेच कळतं.

उत्तर : नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली खरंखोटं ओळखण्यावरचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून तपासले. लोकांचं उत्तर सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर होतं. नाणं उडवलं तर ५०. माफियात खरे लोकही घाबरतात, अडखळतात, हसतात, कारण त्यांच्यावर खोटा आरोप झालेला असतो. तुमच्या मित्राला सांगा, मत देण्याआधी त्यानं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून गॉडकडं द्यावा आणि दहा डावांनंतर सगळ्या चिठ्ठ्या उघडाव्यात. लागलेलेच अंदाज लक्षात राहतात, ही यातली खरी अडचण आहे.

प्रश्न (जालना) : आम्ही मोबाइलवर अमंग अस खेळतो, रोल चालू ठेवून. ‘मी मेडबेत स्कॅन केलं’, ‘मी इंजिनियर आहे म्हणून व्हेंटमध्ये होतो’, ‘मी सायंटिस्ट आहे’, असले दावे चालतात. यातलं काय धरायचं?

उत्तर : न खेळलेल्यांसाठी आधी थोडक्यात: यात अंतराळयानावरच्या रंगीबेरंगी खेळाडूंत काही छुपे मारेकरी, म्हणजे इम्पोस्टर असतात, बाकीचे टास्क म्हणजे नेमून दिलेली कामं करतात; मेडबे हा यानावरचा दवाखाना, आणि व्हेंट ही झरोक्यातली चोरवाट. आता होस्टच्या सेटिंगमध्ये व्हिज्युअल टास्क, म्हणजे करताना इतरांना दिसणारी कामं, चालू आहेत का ते बघा. चालू असतील तर मेडबेतलं स्कॅन हा भक्कम पुरावा आहे, कारण इम्पोस्टरला टास्क करता येत नाही आणि स्कॅनचा प्रकाश इतरांना दिसतो. मात्र ‘मी केलं’ हे सांगणं पुरावा नाही. दुसऱ्या कुणीतरी शेजारी उभं राहून बघितलेलं असावं, आणि तो साक्षीदार स्वतः संशयाबाहेरचा असावा. व्हिज्युअल टास्क बंद असतील तर स्कॅनचा दावा सोडूनच द्या.

सगळ्यांची मिळून किती कामं झाली ते दाखवणाऱ्या टास्क बारवरूनही लोक भांडतात. बार सतत हलायच्या सेटिंगवर असेल तरी, वायर जोडण्यासारखं दोन-तीन ठिकाणचं काम सगळं पूर्ण झाल्यावरच तो सरकतो. म्हणून एखादा वायरपासून उठला आणि बार हलला नाही, एवढ्यानं तो खोटा ठरत नाही. बार हलला, तर त्याच क्षणी दुसऱ्या कोपऱ्यात दुसऱ्यानं काम संपवलेलं असू शकतं.

व्हेंटमधून निघालेला इम्पोस्टरच, हा जुना नियम नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला. तेव्हाच्या अपडेटमध्ये इंजिनियर आला आणि त्याला व्हेंट वापरता येतं. त्याच अपडेटमध्ये शेपशिफ्टर आला, तो दुसऱ्याचं रूप घेतो. म्हणजे ‘मी त्याला खून करताना डोळ्यांनी बघितलं’ हेही आता पक्कं नाही. सेटिंगमध्ये इंजिनियर एकच ठेवलेला असेल तर व्हेंटमध्ये सापडलेल्याच्या दाव्याला विरोध होतो का बघा. विरोध झाला तर दोघांपैकी एक खोटा.

सायंटिस्टला कुठूनही सगळ्यांची नाडी बघता येते. म्हणून कुणी म्हणतो, ‘पिवळा मेलाय, मला दिसलं, मी सायंटिस्ट.’ पिवळा मेल्याचं ज्यानं मारलं त्यालाही माहीत असतं. परभणीच्या डॉक्टरसारखीच ही फसगत आहे. त्याला विचारा, पिवळा शेवटचा जिवंत कधी दिसला आणि तेव्हा तू स्वतः कुठं होतास. त्या जागी त्याला बघितलेलं कुणी आहे का, यावर ठरवा.

प्रश्न (उदगीर) : आम्ही सात जण ॲव्हलॉन खेळतो, मर्लिन, पर्सिव्हल, मॉर्गाना घेऊन. पहिली मोहीम फसल्यावर एक जण म्हणाला, ‘मी पर्सिव्हल.’ सगळे त्याच्या मागं लागले, ‘मग सांग मर्लिन कोण.’ त्यानं सांगितलं. आम्ही तीन मोहिमा जिंकलो आणि तरी हरलो.

उत्तर : ॲव्हलॉनमध्ये चांगली बाजू मोहिमा पार पाडते आणि छुपी वाईट बाजू त्या फसवते. मर्लिन आणि पर्सिव्हल चांगल्यांतले, मॉर्गाना आणि मारेकरी वाईटांतले; वाईट कोण ते मर्लिनला माहीत असतं. तुम्ही हरणारच होतात. मर्लिनचं नाव मारेकऱ्यासमोर उच्चारलं गेलं तिथंच डाव गेला. तीन मोहिमा जिंकल्यावरही मारेकऱ्याला मर्लिन ओळखायची एक संधी असते, आणि ओळखला तर वाईट बाजू जिंकते.

सातांच्या डावात चार चांगले, तीन वाईट. मारेकऱ्यानं काहीच माहिती नसताना बोट ठेवलं तर चारात एक संधी. खऱ्या पर्सिव्हलनं स्वतःला उघड केलं की तो मर्लिन नाही हे कळलं, संधी तीनात एक झाली. नाव सांगितल्यावर अंदाज करायची गरजच उरली नाही. म्हणजे पर्सिव्हलच्या दाव्याची किंमत चांगल्या बाजूला मोजावी लागते, तो खरा असो की खोटा. खोट्या दाव्याला विरोध करायला खरा पर्सिव्हल उठला तरी तो उघडा पडतोच. वाईट बाजू हा दावा त्यासाठीच करते.

‘मर्लिन कोण’ हे विचारायचंच नाही. त्याऐवजी दावेदाराला पुढची टोळी, म्हणजे मोहिमेवर जाणारी माणसं, सुचवायला सांगा आणि टोळीवरून त्याला तोला. सातांत मोहिमांची माणसं २, ३, ३, ४, ४ अशी असतात, आणि चौथी मोहीम पडायला दोन ‘फेल’ लागतात. पर्सिव्हलला मर्लिन आणि मॉर्गाना असे दोघं दिसतात, कोण कोणता ते कळत नाही. खरा पर्सिव्हल सुरुवातीच्या लहान टोळीत त्या दोघांपैकी एकालाच घेऊन बघतो, दोघांना एकदम घेत नाही, कारण त्यात एक नक्की वाईट असतो. म्हणून एकाच टोळीला पुन्हा पुन्हा चिकटून न राहता प्रत्येक फसलेल्या मोहिमेनंतर जो एखादं नाव बदलतो, त्याच्या दाव्यात जीव असतो. टोळी सलग पाच वेळा नाकारली गेली तर वाईट बाजू जिंकते, हेही लक्षात ठेवा. चौथ्या नकारानंतर संशय बाजूला ठेवून ‘हो’ म्हणावंच लागतं, आणि वाईट बाजू नेमकी तिथपर्यंत भांडण ओढत नेते.

मर्लिनला या सगळ्यात जास्त दिसतं. मॉर्ड्रेड, म्हणजे मर्लिनलाही न दिसणारा वाईट खेळाडू, खेळात नसेल तर दावेदार वाईट आहे की नाही हे त्याला आधीच माहीत असतं. दाव्यानंतर जो लगेच, ठामपणे, कारण न देता विरोधात जातो तो मर्लिन असू शकतो. तसं वाटलं तर मोठ्यानं बोलू नका.

प्रश्न (धाराशिव) : साध्या गावकऱ्यानं डिटेक्टिव्ह असल्याचं खोटं सांगावं का? माफियाचा नेम चुकवायला?

उत्तर : नको. लातूरचं उत्तर पुन्हा वाचा. दोन दावेदारांत एक नक्की माफिया, या एका गोष्टीवर सगळा हिशोब उभा आहे. गावकरी खोटे दावे करू लागले की तीच गोष्ट निघून जाते आणि उघडा पडलेला माफिया ‘मीही गंमत केली’ म्हणून सुटतो. एकच अपवाद चालेल: खरा डिटेक्टिव्ह आधीच मेला आहे, रोल जाहीर झाला आहे, आणि गावकरी म्हणतो ‘मी डॉक्टर’, म्हणजे रात्री माफिया खऱ्या डॉक्टरऐवजी त्याच्यावर जातील. त्यासाठीही सगळ्या गटाची एकमेकांच्या खेळाशी चांगली ओळख हवी. खऱ्या डॉक्टरनं विरोध केला की एका दमात दोघं अडकतात.

प्रश्न (हिंगोली, शिक्षिका) : आठवीच्या वर्गात ४० मुलं आहेत. तर्क शिकवायला हा खेळ घेते. पण मुलं ‘आईशपथ, मीच डॉक्टर हाय’ म्हणतात, चिठ्ठ्या दाखवतात, आणि मग भांडणं होतात. काय करावं?

उत्तर : ४० मुलं एका खेळात घेऊ नका. १०-१० चे चार गट करा, प्रत्येकात एक गॉड आणि ९ खेळाडू: २ माफिया, १ डिटेक्टिव्ह, १ डॉक्टर, ५ गावकरी. मोठ्या गटात माफिया प्रमाणात वाढवले तर गाव पार कोलमडतं. ब्रेव्हरमन, इतेसामी आणि मोसेल यांच्या २००८ च्या गणिती अभ्यासात, डिटेक्टिव्ह नसेल तर माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या आसपास असली तरी दोन्ही बाजू बरोबरीत येतात असं दिसलं. ४० मुलांत दहा माफिया ठेवून तर्क शिकवता येणार नाही.

शपथ पहिल्याच दिवशी बंद करा, आणि कारण मुलांना समजावून सांगा. ज्या मुलाला खोटी शपथ घ्यायची नाही ते माफिया झालं की शपथ नाकारतं आणि तिथंच पकडलं जातं. म्हणजे प्रामाणिक पोराला शिक्षा आणि खोटी शपथ घेणाऱ्याला बक्षीस. घरी आईची शपथ ज्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे, त्याच्यावर खेळात ती वेळ आणू नये. खेळातलं खोटं खेळाच्या रोलपुरतं असावं. ज्यानं शपथ घेतली त्याचं त्या दिवसाचं मत गेलं, असा नियम ठेवा, दोन डावांत सवय सुटते.

चिठ्ठ्यांचा उपाय सोपा आहे. मुलानं चिठ्ठी वाचली की गॉडनं ती परत घ्यायची आणि डब्यात टाकायची. हातात चिठ्ठीच नसली की दाखवायचा प्रश्न येत नाही.

दिवसाची चर्चा चार मिनिटं, त्यानंतर गॉड तीन मोजतो आणि सगळे एकदम बोट दाखवतात. एकामागून एक हात वर केले तर शेवटची मुलं पुढच्यांकडं बघून मत देतात आणि नंतर त्या मतांवरून काहीच ताडता येत नाही. फळ्यावर प्रत्येक दिवसाचा एक रकाना काढा: कुणी कुणावर बोट ठेवलं, कुणी काय दावा केला, रात्री कोण गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण उरले, म्हणजे चार आपले आणि दोन माफिया, की मुलांना विचारा, आज कुणालाच काढलं नाही तर काय होईल? रात्री एक जाईल, पाच उरतील. आज चुकीचा काढला तर तीन आपले, दोन माफिया, आणि रात्री एक गेला की दोन-दोन, डाव संपला. म्हणून त्या दिवशी खात्रीचा दावा हातात नसेल तर मत न देणं बरं, डिटेक्टिव्ह जिवंत असेल तर त्याला आणखी एक चेकही मिळतो. हे गणित मुलांना फळ्यावर स्वतः मांडू द्या, आकडे तुम्ही सांगू नका.